१,७६,६३,१९,०४९ ही संख्या आली कुठून?

पाचोऱ्याच्या अकरावीतल्या एका विद्यार्थ्याचा प्रश्न आहे. वर्गाबरोबर तो पाटणादेवीला गेला होता. तिथे भास्कराचार्यांची माहिती देताना कुणीतरी १,७६,६३,१९,०४९ हा आकडा सांगितला. याचा वर्ग म्हणजे २२,६१,५३,९८० च्या वर्गाची ६१ पट आणि वर एक, असं ते म्हणाले. यानं घरी येऊन एक्सेलमध्ये ताळा घेतला, तर वजाबाकी शून्य आली. म्हणून तो विचारतो: "सर, तो 'वर एक' गेला कुठे? आकडा खरा आहे की नुसती दंतकथा? खरा असेल तर त्याच्यात एवढं काय आहे, तो अविभाज्य आहे का, आणि कॉम्प्युटर नसताना तो सापडला कसा?"

आकडा खरा आहे. एक्सेलवर विश्वास ठेवलास तिथे घोळ झाला, म्हणून आधी तेवढं निस्तरू.

एक्सेल कुठल्याही संख्येचे फार तर पंधरा अंक धरून ठेवतं, पुढचे सोडून देतं. तुझ्या संख्येचा वर्ग एकोणीस अंकी आहे: ३११९८८२९८२८६०२६४४०१. दुसऱ्या बाजूची ६१ पट आहे ३११९८८२९८२८६०२६४४००. फरक आहे तो थेट एकोणिसाव्या अंकात. कापसाचा भरलेला ट्रक धर्मकाट्यावर उभा करायचा आणि वरून एक सरकी टाकायची, काटा हलेल का? तसंच ते. एक्सेलला दोन्ही संख्या अगदी सारख्या दिसतात, म्हणून उत्तर शून्य. इतक्या मोठ्या संख्यांचा ताळा घ्यायचा तर पायथॉनसारखी भाषा घे, ती पूर्णांकाचे सगळे अंक जपते. पण खरं सांगू का, त्याचीही गरज नाही. साधा दहा अंकी कॅल्क्युलेटर पुरे, आणि कागद-पेन्सिल असेल तर तोही नको.

वर्ग करायच्या भानगडीतच पडू नकोस. संख्येतून एक वजा कर आणि निम्मं कर. ८८,३१,५९,५२४ आले. हा पूर्ण वर्ग आहे, २९,७१८ चा. तोंडी पडताळता येतो: ३०,००० मधून २८२ कमी, म्हणजे ९०,००,००,००० वजा १,६९,२०,००० अधिक ७९,५२४. आता उलट कर. मूळ संख्येत एक मिळव आणि निम्मं कर. ८८,३१,५९,५२५ आले. हा ३,८०५ च्या वर्गाची बरोबर ६१ पट आहे: ३,८०५ चा वर्ग १,४४,७८,०२५, त्याला ६१ नं गुणून बघ.

म्हणजे ही संख्या लगतच्या दोन संख्यांची बेरीज आहे, त्यातली एक पूर्ण वर्ग आणि तिच्या शेजारची दुसऱ्या एका वर्गाची ६१ पट. मला या संख्येतली सगळ्यात देखणी गोष्ट हीच वाटते, आणि ती क्वचितच कुणी सांगतं. सगळे नुसता तो लांबलचक आकडा फळ्यावर लिहून टाळ्या घेतात.

आता तुझा 'वर एक' कुठे आहे ते बघ. कुठल्याही संख्येच्या वर्गातून एक वजा केला की उरतो (संख्या − १) × (संख्या + १), हे तू आठवीत शिकलास. इथे पहिला कंस २ × २९,७१८², दुसरा कंस २ × ६१ × ३,८०५². त्यांचा गुणाकार झाला ६१ × (२ × २९,७१८ × ३,८०५)². आणि २ × २९,७१८ × ३,८०५ म्हणजेच २२,६१,५३,९८०. झाला ताळा. एकोणीस अंकी संख्या एकदाही लिहावी लागली नाही.

एवढं झाल्यावर मनात यायला हवं की २९,७१८ आणि ३,८०५ हे दोघं आले कुठून. तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं, सापडला कसा याचं, उत्तर तिथेच आहे. ही संख्या कुणाला आकड्यांच्या ढिगाऱ्यात चाचपडताना सापडलेली नाही, ती पायरी पायरीनं रचलेली आहे. तिचे जे जे चमत्कार सांगितले जातात ते त्या रचनेचे सांधे आहेत.

भास्कराचार्यांनी ११५० मध्ये सिद्धांतशिरोमणी लिहिला, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी. त्यातल्या बीजगणितात ते वाचकाला 'सखा' म्हणून हाक मारतात आणि दोन कोडी घालतात: असा वर्ग कोणता, की त्याला ६७ नं गुणून एक मिळवला तर पुन्हा पूर्ण वर्ग व्हावा? आणि ६१ नं गुणून? या प्रकाराला आपल्याकडे वर्गप्रकृती म्हणत. ६१ ही प्रकृती, जिचा वर्ग करून गुणायचं ती संख्या कनिष्ठ, उत्तरात जिचा वर्ग येतो ती ज्येष्ठ, आणि जे मिळवावं लागतं तो क्षेप. क्षेप १ यायला हवा, एवढीच अट.

सुरुवात अगदी साधी आहे. कनिष्ठ १ धर. ६१ मध्ये ३ मिळवले की ६४, म्हणजे ८ चा वर्ग. आपली पहिली ओळ झाली: कनिष्ठ १, ज्येष्ठ ८, क्षेप ३. हवा होता १, मिळाला ३. आता चक्रवाल पद्धतीची पायरी, म्हणजे तीच कृती फिरवत फिरवत क्षेप १ वर आणायची रीत. एक गुणक निवडायचा. अट अशी की कनिष्ठ गुणिले गुणक अधिक ज्येष्ठ याला क्षेपानं पूर्ण भाग जावा, आणि गुणकाचा वर्ग ६१ च्या जितका जवळ जाईल तितका जावा. इथे भाग जाणारे गुणक १, ४, ७, १०… असे आहेत. ७ चा वर्ग ४९, ६१ पासून १२ दूर. १० चा वर्ग १००, ३९ दूर. म्हणून ७. नवा कनिष्ठ (१ × ७ + ८) ÷ ३ = ५. नवा ज्येष्ठ (८ × ७ + ६१ × १) ÷ ३ = ३९. नवा क्षेप (४९ − ६१) ÷ ३ = −४. पडताळा घे: ३९ चा वर्ग १५२१, ६१ × २५ = १५२५. बरोबर चार कमी.

चक्रवाल पुढेही असंच फिरवत नेलं तरी उत्तर येतं, फक्त फेरे बरेच पडतात. पण क्षेप −४ दिसल्याबरोबर जाणकार माणूस फेरे थांबवतो. ४ हा २ चा वर्ग आहे, म्हणून कनिष्ठ आणि ज्येष्ठ दोघांनाही निम्मं केलं तर क्षेप −१ होतो: कनिष्ठ ५/२, ज्येष्ठ ३९/२. अपूर्णांक आले म्हणून बिचकायचं नाही. ते वाटेतच गळून पडणार आहेत.

इथून पुढे ब्रह्मगुप्ताची भावना लागते. भास्कराचार्यांच्या पाच शतकं आधी, ६२८ मध्ये, ब्रह्मगुप्तानं दोन ओळींतून तिसरी ओळ तयार करायची युक्ती दिली. एकीचा कनिष्ठ आणि दुसरीचा ज्येष्ठ असा तिरपा गुणाकार दोन्ही बाजूंनी करून बेरीज घ्यायची, तो नवा कनिष्ठ. ज्येष्ठांचा गुणाकार अधिक प्रकृती गुणिले कनिष्ठांचा गुणाकार, हा नवा ज्येष्ठ. क्षेपांचा सरळ गुणाकार. तू अकरावीत आहेस, तेव्हा (३९ + ५√६१) सारख्या दोन पदांचा गुणाकार करून बघ, हीच सूत्रं बाहेर पडतात.

ओळ स्वतःशीच भावित केली की कनिष्ठ १९५/२, ज्येष्ठ १५२३/२, क्षेप १. क्षेप तर १ आला, पण अजून अपूर्णांक आहेत. ही नवी ओळ पुन्हा (५/२, ३९/२, −१) शी भावित कर. कनिष्ठ: (१९५ × ३९ + १५२३ × ५) ÷ ४ = १५,२२० ÷ ४ = ३,८०५. ज्येष्ठ: (१५२३ × ३९ + ६१ × १९५ × ५) ÷ ४ = १,१८,८७२ ÷ ४ = २९,७१८. अपूर्णांक गेले, क्षेप मात्र −१ वर आला. ओळखीचे झाले ना दोघं? आता ही ओळ स्वतःशी एकदा भावित कर. क्षेप −१ × −१ = १, कनिष्ठ २ × ३,८०५ × २९,७१८ आणि ज्येष्ठ २९,७१८² + ६१ × ३,८०५². आलाच तुझा आकडा. सगळं मिळून अर्धं पान.

मुलांना हे करायला लावलं की पहिली तक्रार ठरलेली असते: "एवढा मोठा गुणाकार कोण करेल, भो?" मोठा गुणाकार एकच आहे, शेवटचा. बाकी सगळं दुकानात हिशेब करणाऱ्या माणसाच्या आवाक्यातलं आहे.

अविभाज्य आहे का, हे विचारलंस. नाही. आणि तिचा एक अवयव आपण आत्ताच पाहिला, फक्त ओळखला नाही: १५२३. तो मधल्या पायरीवर अर्धा होऊन बसला होता. १,७६,६३,१९,०४९ = १५२३ × ११,५९,७६३. गुणून बघ. हा योगायोग नाही. शेवटची ओळ म्हणजे (१९५/२, १५२३/२, १) ही ओळ तीनदा एकमेकींशी भावित केलेली, आणि अशा तिप्पट भावनेतून येणारा ज्येष्ठ मूळच्या ज्येष्ठाचा 'घन चौपट वजा तिप्पट' असतो. तू त्रिकोणमितीत कोसाइनच्या तिप्पट कोनाचं सूत्र पाठ केलं असशील, तेच हे रूप. म्हणून १५२३ बाहेर काढता येतो, आणि दुसरा अवयव (१५२३² − ३) ÷ २ निघतो. नुसत्या भागाकारांवर भर देऊन १५२३ पर्यंत पोचायचं तर शेकडो अविभाज्य संख्या तपासाव्या लागल्या असत्या. रचना माहीत असली की तो हातात येऊन पडतो.

कनिष्ठाचे अवयव याहून सोपे आहेत: २२,६१,५३,९८० = २² × ३² × ५ × १३ × १२७ × ७६१. यात ९ आहे, म्हणून त्याच्या अंकांची बेरीज ३६ येते आणि ज्येष्ठाच्या अंकांची ४६, जी पुढे १० आणि मग १ होते. नवाचा ताळा इथेही लागू पडतो: ज्येष्ठाकडे १, कनिष्ठाकडे ०, आणि ६१ × ० + १ = १. कनिष्ठ शब्दांत वाचलास तर 'बावीस कोटी एकसष्ट लाख' असं म्हणावं लागतं आणि त्यात एकसष्ट ऐकू येतं. हा मात्र निव्वळ योगायोग. उद्या कुणी यावर अंकशास्त्राचा मेसेज फिरवला तर पुढे पाठवू नकोस.

या जोडीचा खरा उपयोग वर्गमुळासाठी. ज्येष्ठाला कनिष्ठानं भागलं की ६१ चं वर्गमूळ मिळतं, ७.८१०२४९६७५९०६६५४३९…, आणि दशांशचिन्हानंतरचे सतरा अंक तंतोतंत जुळतात. अठराव्या अंकाला फरक पडतो. कारणही सोपं आहे: क्षेप फक्त १ आणि कनिष्ठ बावीस कोटींचा, त्यामुळे चूक साधारण एक भागिले 'आठवर सतरा शून्यं' एवढीच उरते. ३९ ला ५ नं भागलं तर ७.८, ते पहिल्याच अंकापर्यंत बरं. २९,७१८ ला ३,८०५ नं भागलं तर आठ अंक जुळतात. शेवटच्या भावनेत जुळणारे अंक जवळजवळ दुप्पट झाले.

मग ६१ मध्येच असं काय आहे? शेजारी बघ. ६० साठी कनिष्ठ ४, ज्येष्ठ ३१: ६० × १६ + १ = ९६१. ६२ साठी कनिष्ठ ८, ज्येष्ठ ६३: ६२ × ६४ + १ = ३९६९. दोन्ही बाजूंना दोन अंकी उत्तरं आणि मधोमध एकशे शहात्तर कोटी. ६४ पासून ६० चार कमी आहे, ६२ दोन कमी. तिथे क्षेप ४ आणि २ येतो आणि एका भावनेत काम होतं. ६१ तीन कमी, आणि ३ कडून १ कडे जायला असा आडरस्ता नाही. पुढे −४ मिळाला, पण तो ऋण. त्यामुळे अपूर्णांक घालवायला दोन भावना, आणि ऋण चिन्ह घालवायला आणखी एक. आजच्या भाषेत सांगायचं तर ६१ च्या वर्गमुळाचा सतत अपूर्णांक (छेदात पुन्हा अपूर्णांक, त्याच्या छेदात पुन्हा, असा न संपणारा) अकरा पदांनी पुन्हा फिरून येतो. अकरा विषम असल्यामुळे एका फेऱ्यात −१ मिळतो आणि दुसरा फेरा मारावा लागतो. शंभराच्या आतल्या कुठल्याही प्रकृतीचं सर्वात लहान उत्तर एवढं मोठं नाही. भास्कराचार्यांच्या दुसऱ्या कोड्यातल्या ६७ चं उत्तर सुद्धा ५,९६७ आणि ४८,८४२ एवढंच आहे. ६१ त्यांनी सहज निवडला असेल असं मला वाटत नाही. ज्याच्या हातून शेकडो उदाहरणं गेली आहेत तोच नेमका हा आकडा काढून पुढ्यात ठेवतो.

उत्तर एकच आहे असंही समजू नकोस. ही ओळ पुन्हा स्वतःशी भावित कर, ज्येष्ठ ६२३९७६५९६५७२०५२८८०१ आणि कनिष्ठ ७९८९२०१६५७६२३३००४० मिळतील. त्यापुढेही ओळी संपत नाहीत. १,७६,६३,१९,०४९ ही त्यातली पहिली, एवढंच तिचं मोठेपण.

युरोपात हाच प्रश्न १६५७ मध्ये निघाला, म्हणजे ५०७ वर्षांनी. फर्मा या फ्रेंच गणितज्ञानं आपल्या समकालीनांना आव्हान दिलं तेव्हा उदाहरणादाखल घेतलेल्या प्रकृती होत्या ६१ आणि १०९. भास्कराचार्यांचं काम त्याला ठाऊक असण्याचं काही कारण नव्हतं. दोघांचं बोट एकाच आकड्यावर पडलं, कारण अवघड आकडा तोच होता. इंग्लंडात ब्राउंकरनं रीत काढली, ऑयलरनं चुकून श्रेय पेल नावाच्या दुसऱ्याच माणसाला दिलं आणि ते समीकरण आजही पेलच्या नावानं शिकवलं जातं. रीत प्रत्येक वेळी उत्तरापर्यंत पोचतेच, याची सिद्धता लाग्रांजनं १७६८ मध्ये दिली. ती भास्कराचार्यांनी दिलेली नाही, हेही सांगायला हवं. आणि चक्रवालही पूर्णपणे त्यांचं नाही. १०७३ मधल्या उदयदिवाकराच्या टीकेत जयदेव नावाच्या आधीच्या गणितज्ञाचे श्लोक उद्धृत केलेले आहेत, त्यात ही रीत आहे. आपल्या माणसाचा अभिमान बाळगावा, पण जयदेवाच्या वाट्याचं जयदेवाला द्यावं.

पाटणाबद्दल दोन शब्द, कारण तिथे तुला नक्की काय सांगितलं मला ठाऊक नाही. चाळीसगावजवळच्या या पाटणात शके ११२८ चा, म्हणजे तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा शिलालेख आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात तो उजेडात आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्यानं इथे मठ स्थापला आणि निकुंभ घराण्यातल्या सोइदेवानं त्या मठाला दान दिलं, असं त्यात लिहिलं आहे. लेखाचा शेवटचा भाग चक्क जुन्या मराठीत आहे, आणि पाटणच्या बाजारात विकायला येणाऱ्या मालावरच्या उत्पन्नाचा वाटा मठाला कसा द्यायचा हे त्यात नोंदवलं आहे. भास्कराचार्य स्वतः इथेच जन्मले की दक्षिणेत, यावर अभ्यासकांत वाद आहे. ते आपल्या गावाचं नाव विज्जडविड सांगतात आणि सह्याद्रीचा उल्लेख करतात, त्यावरून दोन्ही बाजू आपापलं म्हणणं मांडतात. मला तो वाद सोडवण्यात रस नाही. खानदेशातल्या एका बाजारपेठेनं आपल्या मालावरची पट्टी गणिताच्या शाळेला लावून दिली होती, एवढा पुरावा दगडावर आहे आणि मला तो पुरतो.

आता तुझ्यासाठी काम. फर्माचा दुसरा आकडा १०९ घे. पहिली ओळ: कनिष्ठ १, ज्येष्ठ १०, क्षेप −९. गुणक ८ घेतलास की २, २१, ५ मिळतील. मग गुणक १२: ९, ९४, ७. मग गुणक ९: २५, २६१, −४. इथे थांब, कारण पुन्हा −४ आला. निम्मं करून वरच्याच तीन भावना कर. दुसऱ्या भावनेनंतर ज्येष्ठ ८८,९०,१८२ आला तर वाट बरोबर आहे. शेवटचा ज्येष्ठ पंधरा अंकी येईल, १५८०७०६७१९८६२४९. त्याला ६८,१२३ नं भाग जायला हवा. हा ६८,१२३ कुठल्या पायरीवर आला होता, ते शोधून मला कळव. आणि हे एक्सेलमध्ये करू नकोस.